स्टार ट्रेक कुठून सुरू करायचं आणि कसं पाहायचं, आमच्या धानपट्ट्यातल्या ओसरीतून

"भाऊ, तू ते स्टार ट्रेक स्टार ट्रेक करत राहते, आमाले पाहाचं असन त लावाचं कुठून?" हा प्रश्न या वर्षात इतक्या जणांनी विचारला की शेवटी म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच काढतो. मी ब्रह्मपुरीकडच्या एका गावात राहतो, धानाची शेती आहे, नागपूरला होस्टेलवर असताना रूममेटच्या लॅपटॉपवर पहिला एपिसोड पाहिला त्याला आता बारा वर्षं झाली, आणि मागच्या तीन वर्षांपासून आठवड्यातून एक रात्र घरच्या ओसरीत आम्ही आठ-दहा जणं मिळून पाहतो. त्यात बाबा आहेत, शेजारच्या काकू आहेत, आठवीतली पुतणी आहे, दोन कॉलेजचे पोट्टे आहेत. म्हणजे जे सांगून राहिलो ते सगळं या लोकांसोबत करून पाहिलेलं आहे.

स्टार ट्रेक म्हणजे पुढच्या काळात जहाज घेऊन अंतराळात फिरणाऱ्या माणसांच्या अमेरिकन टीव्हीवरच्या गोष्टी, पण सर्वात आधी हे लक्षात घ्या की ही एक सिरीयल नाही. १९६६ पासून आजपर्यंत वेगवेगळ्या डझनभर सिरीयल झाल्या, सगळे मिळून ९०० च्या वर एपिसोड आहेत, वरून सिनेमे वेगळे. जहाज वेगळं, कॅप्टन वेगळा, काळ वेगळा, पण जग एकच. आपल्याकडं कसं, एकाच घराण्याच्या चार पिढ्या असतात, आजोबाची गोष्ट माहीत नसली तरी नातवाची समजते आणि माहीत असली तर जास्त गोड लागते, तसंच हे. म्हणून एक नंबरपासून ओळीनं पाहायला बसू नका. मी तसंच केलं होतं आणि सोबत बसलेले दोघं तिसऱ्या दिवशीच उठून गेले. आणि सगळ्यात नवीन असेल ते लावू असंही करू नका, कारण नव्यातल्या काही सिरीयल मधूनच पकडल्या तर कोण कोणाचं काय लागते तेच कळत नाही.

सुरुवात करायची ती १९६६ च्या जुन्या सिरीयलपासूनच, पण त्यातल्या एका निवडक गोष्टीपासून. ही सिरीयल जीन रॉडनबेरीनं काढली, ८ सप्टेंबर १९६६ ला अमेरिकेत पहिला एपिसोड लागला, तीन सीझन चालली, ७९ एपिसोड झाले आणि १९६९ मध्ये बंद पडली. दुसऱ्या सीझननंतरच बंद होणार होती पण पाहणाऱ्यांनी पत्रांचा असा ढीग पाठवला की चॅनेलला तिसरा सीझन काढावा लागला. कॅप्टन कर्क, त्याचा अर्धा व्हल्कन, म्हणजे अर्धा परग्रहावरचा, सोबती स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय, ही तीन माणसं ध्यानात ठेवा, बाकीचे आपोआप ओळखीचे होतात.

आता शहरातले पोट्टे म्हणतात की जुन्याचे सेट नकली दिसतात, दगड थर्माकोलचे दिसतात, मागचं आभाळ रंगवलेलं दिसते. हो, आहेच. पण आपण झाडीपट्टीतले लोक आहोत बाप्पा. दिवाळी झाली की मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसात रात्री दहा-अकराला नाटक सुरू होते ते पहाटेपर्यंत, मागं पडद्यावर रंगवलेला वाडा असते, आणि त्याच वाड्यासमोर बाई रडली की हजार माणूस गप्प होते. त्या वेळी कोणी म्हणत नाही की वाडा कापडाचा आहे. जुनं स्टार ट्रेक तसंच पाहायचं. तिथंही पैशाची ओढाताणच होती, दर आठवड्याला जहाज ग्रहावर उतरलेलं दाखवायला खर्च फार येत होता म्हणून त्यांनी माणूस इथून गायब होऊन तिथं उभा राहते असं ट्रान्सपोर्टरचं यंत्र काढलं. डॉक्टर मॅकॉयच्या हातातली काही औजारं तर मुळात वेगळ्या आकाराच्या मिठाच्या डब्या होत्या, पहिल्या एपिसोडमध्ये मिठाची डबी म्हणून दाखवायला आणल्या आणि मग दवाखान्याच्या कामाला लावल्या. वडसाच्या नाटक कंपनीतल्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणन, यात नवल काय आहे.

तर पहिली गोष्ट लावायची ती 'द डेव्हिल इन द डार्क'. पहिल्या सीझनमधली आहे, १९६७ ची. दुसरं काहीच नाही पाहिलं तरी चालते पण आपल्या भागातल्या माणसानं ही एक पाहावीच असं मला मनापासून वाटते. एका ग्रहावर खाण आहे, जमिनीच्या खोल पोटात माणसं काम करतात, आणि अंधारात कोणतंतरी जनावर येऊन एकेकाला मारून राहिलं. खाणीतले लोक चिडलेले आहेत, त्यांची माणसं मेली आहेत, त्यांना ते जनावर मेलेलं पाहिजे. कर्क आणि स्पॉक शोधायला जातात. मग कळते की ती आई आहे, आणि खाणवाले जे गोल गोल दगड बिनकामाचे म्हणून फोडून राहिले होते ती तिची अंडी होती.

आता हे चंद्रपूर जिल्ह्यात बसून पाहणं आणि दुसरीकडं कुठं बसून पाहणं यात लय फरक आहे. आपल्या जिल्ह्यात खाणीही आहेत आणि वाघही आहे. आमच्याकडं दिवस बुडाल्यावर बांधीकडं एकटं कोणी जात नाही, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या दिवसात दर वर्षी कुठून तरी बातमी येते. शेजारच्या काकूंचा भाऊ असाच मोहफूल वेचायला गेला होता. मी हा एपिसोड लावला तेव्हा हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं पण आलं नाही, अर्ध्यात आल्यावर काकू गप्प झाल्या तेव्हा कळलं. बंद करू का विचारलं तर नको म्हणाल्या. शेवटी स्पॉक त्या जनावराच्या अंगावर हात ठेवून त्याच्या मनातलं ऐकते, तिचं दुःख स्वतःच्या तोंडानं बोलते, मग खाणवाल्यांचा आणि तिचा समझोता होते. संपल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "त्याइच्याकडं मधात बोलणारा होता. आपल्याकडं कोण बोलते तिच्याशी, आन आपल्याशी तरी कोण बोलते?"

त्या रात्री दोन तास चर्चा चालली. वनविभागाचं काय, जंगल कोणाचं, नुकसान भरपाईचं काय, बछडेवाली वाघीण असली तर काय. मी तेव्हाच ठरवलं की हे असंच पाहायचं, एका रात्री एकच एपिसोड, आणि नंतर बोलायला वेळ ठेवायचा. एकामागं एक चार लावले तर पहिल्याचं काहीच उरत नाही. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या माणसाला प्रश्न विचारत, लोक उत्तर देत, मग बाबा पुढचा प्रश्न टाकत, असं आमच्या आजोबांनी सांगितलेलं आहे. चांगला स्टार ट्रेक एपिसोड तसाच प्रश्न टाकते आणि उत्तर द्यायचं काम ओसरीतल्या माणसांचं असते.

दुसऱ्या आठवड्यापासून जुन्यातलेच आणखी चार-पाच पाहा. 'बॅलन्स ऑफ टेरर' पाहा, त्यात शत्रूचा चेहरा स्पॉकसारखा निघते आणि लगेच आपल्याच जहाजावरचा एक जण स्पॉकवर संशय घ्यायला लागते. 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' पाहा पण ती रात्र मोकळी ठेवा, जड आहे. लहान पोरं असतील तर 'द ट्रबल विथ ट्रिबल्स', केसाळ गोळ्यांसारखे प्राणी धान्याच्या कोठारात शिरतात आणि वाढतच जातात, ज्याच्या घरी धानात सोंडे झाले त्याला वेगळं समजवावं लागत नाही. आणि तिसऱ्या सीझनमधला, अर्धा चेहरा काळा अर्धा गोरा असलेल्या दोन माणसांचा, ज्यांचं भांडण एवढंच की कोणाची काळी बाजू डावी आणि कोणाची उजवी, तो १९६९ चा एपिसोड गोष्ट म्हणून जरा ठोकळेबाज आहे हे मला मान्य आहे. पण आपल्या गावात पाण्याच्या टाकीपासून मसनवाट्यापर्यंत कोणाची बाजू कोणती हे अजून पाहिल्या जाते, म्हणून मी तो दाखवतोच.

पुतणीसाठी एक गोष्ट मी वेगळी सांगितली, तुमच्या घरी मुली असतील तर तुम्हीही सांगजा. जुन्या सिरीयलमध्ये पुलावर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीत, उहुरा नावाची काळी बाई अधिकारी आहे, निशेल निकोल्स ही नटी. पहिल्या सीझननंतर ती सोडून चालली होती, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि म्हणाले सोडू नको, हे तिनं स्वतःच पुढं कितीतरी वेळा सांगितलं. तिला टीव्हीवर पाहून मोठी झालेली मे जेमिसन १९९२ मध्ये अंतराळात गेली, तिथं जाणारी पहिली काळी बाई, आणि दुसऱ्या वर्षी तिनं स्टार ट्रेकच्या एका एपिसोडमध्ये छोटं कामही केलं. हे ऐकल्यावर पुतणीनं ते नाव वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं.

मग दुसऱ्या सिरीयलवर या. 'द नेक्स्ट जनरेशन', १९८७ ते १९९४, सात सीझन, १७८ एपिसोड, कॅप्टन पिकार्ड. माझी सगळ्यात आवडती हीच. पण पहिला सीझन कच्चा आहे, तो सध्या सोडून द्या, आणि दुसऱ्या सीझनचा शेवटचा एपिसोड तर जुन्या तुकड्यांची गोधडी आहे, त्यावर डेटा खर्चू नका. थेट दुसऱ्या सीझनमधला 'द मेझर ऑफ अ मॅन' लावा. जहाजावर डेटा नावाचा अधिकारी आहे, तो यंत्रमाणूस आहे, एक शास्त्रज्ञ येते आणि म्हणते मला याला खोलून पाहायचं आहे. डेटा म्हणते मी राजीनामा देतो, तर उत्तर मिळते, तू तर मालमत्ता आहेस, मालमत्तेनं राजीनामा कसा द्यायचा? मग कोर्ट भरते, आणि डेटाच्याच मित्राला त्याच्या विरोधात उभं राहावं लागते.

आम्ही हा पोळ्याच्या दोन दिवसांनी पाहिला होता. बाबा एरवी अर्ध्यात झोपून जातात, त्या दिवशी सरळ उठून बसले. म्हणाले, "बैल आपल्या मालकीचा हाय, बाजारात आपणच इकतो. मंग पोळ्याच्या दिवशी त्याच्या पाया काऊन पडतो?" यावर कॉलेजचा पोट्टा म्हणाला बैल बोलत नाही, डेटा बोलते. बाबा म्हणाले बोलत नाही म्हणूनच तर इचारून राहिलो. मला अजूनही वाटते की त्या एपिसोडवर याच्यापेक्षा बरं कोणी काही बोललं नसन.

नंतर 'डार्मोक' लावा, १९९१ चा, पाचव्या सीझनमधला. यातले परग्रहावरचे लोक फक्त त्यांच्या जुन्या गोष्टींचे दाखले देऊनच बोलतात. यंत्र शब्दांचं भाषांतर करून देते पण अर्थच लागत नाही, कारण गोष्ट माहीत नसली तर दाखला कसा समजणार. हे तर आपल्याला जन्मापासून माहीत आहे, आमची आजी अर्धं बोलणं म्हणीतच करत होती आणि पुण्याची वहिनी नवीन आली तेव्हा सहा महिने तिला काहीच उमजत नव्हतं. आमच्या पोरांनी तर त्यातलं 'शाका, भिंती पडल्या तेव्हा' हे उचललंच आहे, गणिताचा पेपर वाईट गेला की तेच म्हणतात, कारण तिकडं त्याचा अर्थ जमलं नाही, फसलं असा होते.

आणि 'द इनर लाइट', १९९२. याच्याबद्दल जास्त सांगत नाही. पिकार्ड बेशुद्ध पडते आणि दुसऱ्याच एका ग्रहावर, दुष्काळ पडलेल्या गावात, एक अख्खा जन्म जगते, लेकरं होतात, नातू होते, म्हातारा होते, इकडं जहाजावर फक्त पंचवीस मिनिटं गेलेली असतात. गावात पाणी कमी कमी होत चाललं आहे, चौकातलं एक रोपटं लोक जपून राहिले, तो मातीचा अभ्यास करते आणि त्याला कळते की हा दुष्काळ आता जाणार नाही. ज्यानं बोडी आटलेली पाहिली, रोवणीला पाऊस दगा देताना पाहिला, त्याला यातली प्रत्येक गोष्ट कळते. काकूंनी शेवटची बासरी दोनदा लावायला सांगितली.

प्राइम डायरेक्टिव्ह हा शब्द सारखा येईल, तो आधीच समजवून ठेवा. म्हणजे जे लोक अजून ताऱ्यांपर्यंत पोचले नाहीत त्यांच्या कारभारात हात घालायचा नाही, भलं करायच्या हेतूनंही नाही, असा नियम. मी समजवताना गडचिरोलीतल्या मेंढा लेखाची घोषणा सांगतो, 'दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार'. लगेच वाद सुरू होते की मग दवाखाना बाहेरून आला तर तोही नको का, रस्ता नको का. होऊ द्या वाद, कर्क आणि पिकार्डही तो नियम पाळताना आणि मोडताना तेच भांडत असतात.

आता भाषेचं. हीच खरी अडचण आहे आणि यावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली. इंग्रजी सबटायटल भरभर पळतात, वाचू वाचू तोवर माणूस बोलून निघून जाते. म्हणून ज्याला इंग्रजी बरं येते त्यानं एपिसोड एक दिवस आधी एकट्यानं पाहून घ्यायचा, न पाहता कधीच लावायचा नाही. सुरू करायच्या आधी पाच-सहा वाक्यात सांगायचं की कोण कुठं आहे, अडचण काय आली, शेवट मात्र सांगायचा नाही. जुन्या एपिसोडमध्ये मधामधात स्क्रीन काळी होते, तिथं पूर्वी जाहिरात लागायची, एका एपिसोडमध्ये अशा चार-पाच जागा असतात. बरोबर तिथंच थांबवा आणि आतापर्यंत काय झालं ते आपल्या बोलीत सांगा. मधातच कुठंही थांबवलं तर गोष्टीचा जीव जाते. तांत्रिक बडबड अनुवाद करत बसू नका, "इंजिन बिघडलं, दोन तासात दुरुस्त नाही झालं तर सगळे मरतात" एवढं पुरते. शर्टाचे रंग सांगून ठेवा, जुन्यात पिवळा हुकूम देणाऱ्यांचा, निळा डॉक्टर आणि शास्त्रज्ञांचा, लाल इंजिन आणि पहारेवाल्यांचा. नेक्स्ट जनरेशनमध्ये लाल आणि पिवळ्याची अदलाबदल होते, त्यात गोंधळून जाऊ नका.

सामानाचं थोडक्यात. कोणती सिरीयल कोणत्या ॲपवर आहे हे दर काही महिन्यांनी बदलते, म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरू नका, महिन्याचेच भरा आणि आधी शोधून पाहा. आमच्याकडं टॉवर गावाच्या टोकाला पकडते, मी दुपारी तिकडं जाऊन मोबाईलवर डाउनलोड करून घेतो, मग रात्री केबलनं टीव्हीला जोडतो. काही ॲपचा डाउनलोड केलेला एपिसोड केबलनं टीव्हीवर दिसत नाही, ते लोकं जमायच्या आधी तपासून पाहा. लाइन जाते हे धरूनच चाला, इन्व्हर्टर नसेल तर मोबाईल पूर्ण चार्ज आणि एक ब्लूटूथ स्पीकर, तेवढ्यावर पाच जणं आरामात पाहतात. जुने एपिसोड पन्नास मिनिटांचे, नंतरचे पंचेचाळीसचे. रोवणी आणि कापणीच्या दिवसात बंद ठेवा, थकलेलं माणूस स्क्रीनसमोर बसवलं तर तो पुन्हा येत नाही.

सिनेमांचं सांगतो. १९७९ चा पहिला सिनेमा मला आवडते पण तो हळू आहे, पहिल्यांदा पाहणाऱ्याला लावू नका. नंतर मात्र पाहा, कारण त्यात आपली पर्सिस खंबाटा आहे, मुंबईची, १९६५ ची मिस इंडिया, या भूमिकेसाठी तिनं डोक्यावरचे सगळे केस काढले. १९८२ चा 'द राथ ऑफ खान' सगळ्यात जोरदार, पण त्याच्या आधी जुन्या सिरीयलमधला 'स्पेस सीड' पाहायलाच पाहिजे, नाहीतर खानचा एवढा राग कशाचा आहे ते कळणार नाही. खान नूनियन सिंग हा उत्तर भारतातला, बहुतेक शीख, असं त्यात म्हटलेलं आहे आणि काम मात्र मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंतालबाननं केलं. त्यानं काम लय मोठं केलं यात वाद नाही, पण २०१३ च्या सिनेमात पुन्हा खान आला तेव्हाही तो आपल्याकडचा घेतला नाही, इंग्लंडचा गोरा नट घेतला, हे मला आजही खटकते. घरात लहान-मोठे सगळे असतील तर १९८६ चा व्हेल माशांचा सिनेमा, त्याच्यात कोणीच कंटाळत नाही.

बाकी सिरीयल या सगळ्यानंतर. 'व्हॉयेजर'मध्ये कॅप्टन जेनवेचं जहाज घरापासून ७०,००० प्रकाशवर्षं लांब फेकल्या जाते, कधीही पाहा, मजा येते, फक्त इतक्या मोठ्या संकटाचे ओरखडे जहाजावर दिसत नाहीत, दर आठवड्याला सगळं कोरं, ते मला पटत नाही. 'लोअर डेक्स' कार्टून आहे पण लहान पोरांसाठी नाही आणि जुनं माहीत असल्याशिवाय त्यातलं अर्धं कळत नाही. 'डिस्कव्हरी' ओळीनंच पाहावी लागते, आणि प्रत्येक सीझनमध्ये सगळं विश्वच बुडायला आलेलं असते, त्यानं ओसरीतल्या चर्चेला काही हाती लागत नाही. नव्यापैकी २०२२ ची 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' मात्र खुशाल लावा, पुन्हा एका एपिसोडमध्ये एक गोष्ट, कॉलेजच्या पोट्ट्यांना तर यानंच गोडी लागली.

राहिली 'डीप स्पेस नाइन', १९९३ ते १९९९. ही जहाजावर नाही, एका जागी थांबलेल्या स्टेशनवर घडते, शेजारी बाजोर नावाचा ग्रह आहे जो दुसऱ्यांच्या जुलमातून नुकताच सुटला, आणि आता आपल्या पायावर उभं कसं राहायचं, ज्यांनी छळलं त्यांच्यासोबत वागायचं कसं, हे वर्षानुवर्षं चालते. ही मधून पाहता येत नाही. पहिल्या सीझनमधला 'ड्युएट' तेवढा चव घ्यायला एकटा पाहा, एका खोलीत दोन माणसं समोरासमोर बोलतात बस, पण झाडीपट्टीच्या रंगमंचावर जशीच्या तशी चालन अशी गोष्ट आहे. बाकी ओळीनं, सात सीझन. आमच्याकडं आता धान कापून झालं की हीच सुरू करायची आहे, काकूंनी आताच विचारून ठेवलं की त्यात बाई मोठी कोण आहे, मी म्हटलं मेजर किरा, लढून आलेली आहे. इन्व्हर्टरची बॅटरी तेवढी त्याच्या आधी बदलून घ्यावी लागते.